कपाळ नसलेला फोटू

— बस की गड्या, स्टुलावर बस. भरतीच्या फारमाचा तुझा फोटू काढतोच, त्येची काळजी सोड — पर आदी ह्यो शर्ट घाल. व्हय, धुतलेला हाय. माझ्या लेकाचा, मानसिंगाचा. मगाशी तू दारात पाठमोरा सायकल लावत हुतास, तर माझ्या हातातनं क्यामेऱ्याची काच पडाय आली — म्हटलं, आला! कसा येतोय त्यो? उसाला पानी पाजाय गेला, हिरीवरच्या मोटारीचा शॉक बसला. येत्या सोमवारी वरीसश्राद्ध हाय.

तुला वाटंल, आकाराम फोटूवाला खुळावला. न्हाई रं. ह्ये काम मी साऱ्या उंब्रजात केलंय — कुनाचा मानूस गेला आन घरात फोटूच न्हाई, तर त्येच्या भावाला बसवायचा, गेलेल्याचा पटका बांधायचा, वर पेन्सिलीनं मिशी भरायची. सुलाबाईच्या धाकट्याला बसवून गेलेला थोरला काढला, म्हातारी आजून हार घालती त्येला. पैसं? दुखवट्याच्या घरातनं पैसं कोन घेतंय! पर माझ्या पोराला भाऊच न्हाई, मी कुनाला बसवू?

व्हय, भिताडावरचा फोटू मानसिंगाचाच. दुष्काळाच्या आदल्या साली पाचगनीच्या धुक्यात काढलाता, डोक्यावर घोंगड्याची खोळ, पाठमोरा चाललाय. पुन्याच्या प्रदर्शनात पैला आला! परीक्षक म्हनलं, आकारामराव, तोंड दिसत न्हाई ह्येच ह्यातलं सौंदर्य — मी लय फुगलो. मग काय, त्येचं हात काढलं, सावली काढली, उन्हाम्होरं नुस्ता काळा हुबा काढला. बनुबाई, माझी मंडळी, म्हनायची — आवं, एकदा म्होरनं काढा की लेकाला! मी म्हनायचो, म्होरनं तर समद्या गावाला काढतोय, ही कला हाय. शाळंच्या फोटूत असंल म्हंतोस? त्या दिशी गोवर निघालाता त्येला.

तेराव्याला पाटावर ह्योच मांडला. बनुबाई गंधाचं बोट घिऊन वाकली — आन बोट तसंच ऱ्हायलं. कपाळ कुठाय? पाठीला का गंध लावत्यात? गंधाचं बोट पदराला पुसून उठली ती. तवापास्नं ह्या खोलीत पाय न्हाई ठिवला. सोमवारी तरी पाटावर तोंड असावं रं, लेकाचं तोंड — एवढंच मागनं हाय माझं.

हां, हनवटी वर. थांब, काळं कापड डोक्यावर घेतो... डावीकडं बघ. जरा हस. त्येच्या भिवया जाड हुत्या, व्हय ना? — आन तुला काय इचारतोय मी! नाक... नाक आसंच हुतं का? आरं, आठवंना. डोळं मिटलं की पाठच दिसती, चाललेली. एवढी वर्सं समदं गाव बगितलं ह्या भिंगातनं, आन माझं पोर...

न्हाई. न्हाई व्हायचं ह्ये. तू तूच दिसतोस, बाबा. ऊठ.

तुझा फोटू उद्या काढू, आज न्हाई जमायचं. शर्ट ऱ्हाऊ दे आंगात, घालूनच जा. आरं, माझ्याकडं वळू नगंस! तसाच जा — हळू. दाराशी जरा थांब...

हां. जा आता.