झडप वर का खाली?

रिमोटवरच्या जेट विमानांचा मेळा भरला होता. ट्राउडल सॉसेजच्या रांगेत उभी होती आणि तिच्या पुढं दोन म्हातारे दोस्त.

"तीन हिवाळे घातले बांधायला, ओटमार! खाल्लं की पहिलं उड्डाण."

"तोल सावरायचा जायरो तपासलास का, गिस्बर्ट?"

"तपासला की! विमान कलतं केलं की पंखाची झडप टुणकन हलते."

"कुठं हलते? वर का खाली?"

"अरे, हलते ना!"

"हात पसर. तू विमान. वाऱ्यानं तुझा उजवा पंख दाबला, हा असा. त्याची झडप कुठं गेली?"

हात पसरून उजवीकडं कललेल्या गिस्बर्टनं डोळे मिटून आठवलं.

"वर."

"वर? मेल्या, ती खाली जायला हवी, तर पंख उचलला जाईल! तुझा जायरो पडत्याला लाथ घालतोय."

"बोंबललं! आता रे?"

"सेटिंगमध्ये दिशा उलटी कर, झालं. पळ, सॉसेज मी घेतो."

गिस्बर्ट पोट सांभाळत पळाला.

ट्राउडलला राहवेना. "काका, बरं ओळखलंत! तुमचं विमान कुठलं?"

"माझं होय? गेल्या वर्षी त्या समोरच्या मक्यात घुसलं, बाई. शेपूट अजून सापडायचंय."