केसरबाईच्या घराची झडती

मेघा : थांबा, बाबा. त्या बाईनं फौजदाराला दारातच अडवलं?

सर्जेराव : अडवलं कुठं? खुर्ची दिली, पाणी दिलं. मंग सावकाश इचारलं, "साहेब, कशावरून आलात?"

मेघा : आणि कशावरून गेला होतात?

सर्जेराव : चितेगावच्या एका कंपनीतून तांब्याची तार चोरीला गेली. केसरबाईचा पोरगा राजकुमार तिथंच कामाला. खबऱ्या म्हणला, माल पोराच्या घरात हाय. तेवढ्यावर साहेबानं जीप काढली, थेट हर्सूल. पंच बी आपले नेहमीचेच, जीपमधी बसवलेले.

मेघा : वॉरंट नव्हतं?

सर्जेराव : घाई असली तर वॉरंटाशिवाय बी जाता येतं. पण संशयाचं कारण आधी कागदावर लिहावं लागतं. ट्रेनिंगला गेलीस की तुला शिकवतीलच. साहेबानं काय लिहिलं नव्हतं.

मेघा : हे त्या बाईला कसं माहीत?

सर्जेराव : कोर्टात एकोणीस वर्षं पाणी द्यायचं काम केलंय तिनं. झडती कच्ची ठरली, पंच फुटला, हेच ऐकत आली. म्हणली, "मी नाय म्हणत नाय. पण ज्या कारणानं आत शिरताय ते आधी लिहा. खरं असलं तर लिहायला कितीसा वेळ लागतो?"

मेघा : साहेब चिडले असतील.

सर्जेराव : लई. मला म्हणले, जमादार, ढकला दार. पोरगं मागं उभं व्हतं. त्यांच्या गल्लीतून जेलची भिंत दिसते, मेघा. मी दप्तर उघडलं आन् कोरा कागद साहेबापुढं धरला.

मेघा : तुम्ही?

सर्जेराव : व्हय. त्यांनी लिहिलं. मंग तिनं जीपमधले पंच नको म्हणून सांगितलं. गिरणीवाला रामकिसन आन् शेजारच्या शाळेतल्या बाई, दोघांना बोलवलं. वर म्हणली, "आता तुमची अंगझडती द्या. आत काय घेऊन जात नाय, हे पंचांना दिसू द्या."

मेघा : दिली?

सर्जेराव : आधी मी दिली. किल्ल्या, सुपारीची डबी, तुझ्या आईच्या गोळ्यांची चिठ्ठी. मंग साहेबानं बी खिसे उलटे केले. दोन खोल्यांचं घर, पिठाच्या डब्यापर्यंत पाहिलं. कायबी मिळालं नाय. तसंच लिहून घेतलं तिनं, वेळ टाकून, आन् नक्कल मागून घेतली.

मेघा : मग तार?

सर्जेराव : चौथ्या दिवशी खबऱ्याच्याच मेव्हण्याकडं सापडली. तर तो मेव्हणा म्हणतो कसा, राजकुमारनंच दिली, झडतीच्या दिवशी दुपारी, त्याच्या घरात. नेमकी तीच दुपार. आम्ही सगळे तिथंच व्हतो, पंचांच्या सह्या हायत. पोरगं संशयातून सुटलं. नोकरी बी राहिली.

मेघा : साहेब काय म्हणाले?

सर्जेराव : मला पाठवलं, बाईला निरोप सांगून या म्हणून. ती भाकरी करत व्हती. ऐकलं, आन् म्हणली, "तुम्ही कागद धरलात, जमादार. नायतर मी एकटी काय करणार व्हते?" मला मान वर करता येईना.

मेघा : का? तुम्ही बरोबरच तर केलंत.

सर्जेराव : एकतीस वर्षांत किती दारं ढकलली असतील, पोरी. तो कागद मी त्या दिवशी पहिल्यांदा काढला.