थंड इंजिन, एकच बटण

...आणि वर मलाच संशयी म्हणतात. मला! अहो, न्हाव्यानं एका बाजूचे केस जास्त उडवले तरी 'छान झालेत' म्हणून खुर्चीतून उठणारा माणूस मी. मी कशाला कोणावर संशय घेऊ?

तुम्हाला सांगतो, मी तसा बोलणाराच नाही. शाळा लवकर सुटली, म्हणजे मी सोडली, पण खरं तर तीच माझ्यावर आधी वैतागली होती. तेव्हापासून काचा कापायच्या दुकानात आहे. बरं आहे, काचेशी बोलावं लागत नाही. पण ही गाडीची गोष्ट पोटात ठेवली तर पोट फुटेल माझं, म्हणून सांगतो, मग तुम्हीच ठरवा.

गाडी मामाची. साडेसातशे सीसी. साधी फटफटी नव्हे हो, टाकी म्हणजे रांजण, आणि सुरू झाली की आमच्या जिन्यातला बल्ब थरथरायचा. लहानपणी मामानं मला त्या टाकीवर पुढ्यात बसवून फिरवलं होतं आणि तेव्हापासून मला दुसरं काही नकोच होतं. लोकांना घर हवं असतं, बायको हवी असते... मला ती गाडी हवी होती. मी चारचौघांत तोंड उघडत नाही, पण ती उघडायची ना. माझ्या वाटचंही तीच बोलायची.

तर मामाची कंबर गेली. डॉक्टर म्हणाले, गाडी विसरा. मामाला मूलबाळ नाही, भाचे दोन. एक मी, आणि दुसरा माझ्या मावशीचा मुलगा, आमच्याच वरच्या मजल्यावर राहतो, पंखे-मोटारी दुरुस्त करतो. सगळे त्याला गोड्या म्हणतात, कारण बोलतो गोड. इतकं गोड की ऐकणाऱ्याला मुंग्या लागाव्यात. मी कोणावर संशय घेत नाही, पण काही कारण नसताना माणूस इतकं गोड कशाला बोलेल?

मामानं चावी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, "भाच्या, महिनाभर तुझ्याकडे ठेव. शेवटच्या रविवारी मी येईन. थंड इंजिन, एकच बटण. सुरू झाली तर तुझी. नाही झाली तर ती तुझ्या हातात जगायची नाही. मग गोड्या घेऊन जाईल."

पहिला आठवडा काय सांगू, सकाळी चोक ओढायचा, बटण दाबायचं, की धडधडधड... अख्खी गल्ली खिडकीत. आणि एक दिवस बटण दाबलं तर काहीच नाही. शांत. पाहतो तर उजव्या मुठीजवळचा लाल खटका बंद! इंजिन मारायचा खटका असतो ना तो, बंद असला की बटण दाबून बोट झिजलं तरी उपयोग नाही. आता तो बंद केला कोणी? आई म्हणाली, "अरे, तूच रोज फडक्यानं घासत बसतोस, लागला असेल तुझाच हात." माझा? माझ्या हाताला वेड लागलंय? मी कोणावर संशय घेत नाही, पण गाडी बंद पडली तर फायदा कोणाचा? वरच्या मजल्याचा की खालच्या?

मग मी एक शिटी आणली. सीटखाली बसवायची, दोन वायरी बॅटरीला जोडायच्या, गाडीला कोणी हात लावला की बोंब मारते. गुपचूप बसवली. आईला नाही, बाबांना नाही, कोणालाच नाही सांगितलं. राखणदार ठेवलाय असं गावभर सांगत सुटलं तर राखणदार कसला तो?

दोन-तीन दिवसांत काय व्हावं? बटण दाबलं, इंजिननं अर्धा वळसा घेतला, 'हंऽऽ' केलं आणि म्हाताऱ्यासारखं खाली बसलं. पुन्हा दाबलं, टक. टक टक. बस्स. आता तुम्ही म्हणाल बॅटरी. मला काय कळत नाही का? दिवा लावून पाहिला, लख्ख. हॉर्न वाजवला, खालच्या मजल्यावरच्या काकू दचकून बाहेर. दिवा लागतोय, हॉर्न वाजतोय, म्हणजे बॅटरी ठणठणीत, नाही का? नाही का हो?

म्हणून प्लग काढले, पुसले, बसवले. टक. मग वाटलं, पेट्रोल. त्या पंपावरचा माणूस पेट्रोल भरताना भलतीकडेच बघत होता. मी कोणावर संशय घेत नाही, पण भलतीकडे कशाला बघायचं? टाकी रिकामी केली, पेट्रोल बाटल्यांत भरून ठेवलं, तळाला पाणी साचतंय का ते बघायला. आई म्हणाली, "त्या बाटल्या आधी अंगणात ने. नाहीतर गाडी राहील बाजूला, आपणच सुरू होऊ." पाणी निघालं नाही. मग कार्बोरेटर उघडला आणि बेसिनवरच्या एका जुन्या ब्रशानं घासून काढला. म्हणजे जुना आहे असं मला वाटलं. बाबांना दोन दिवस कशाचीच चव लागेना.

शेवटी गाडी ढकलत मेकॅनिककडे नेली. पण नेण्याआधी शिटी काढून खिशात टाकली. का म्हणजे? उद्या त्याच्याच मनात काही आलं तर? राखणदार कुठे झोपतो हे चोराला कोणी दाखवतं का? तर मेकॅनिकनं प्लग पाहिले, तेल पाहिलं, विचारलं, "बॅटरीवर वरून काही जोडलंय का?" मी म्हटलं, "नाही." आणि खोटं कुठे होतं? त्या वेळी नव्हतंच जोडलेलं. रात्रभर गाडी ठेवून घेतली, बॅटरी चार्ज केली, आणि सकाळी एका बटणात धडधडधड. म्हणाला, "हिला काही झालेलं नाही."

घरी आणली. शिटी पुन्हा जागेवर. दोन-तीन दिवसांत पुन्हा टक.

आता सांगा. तिकडे चालते, इकडे मरते. म्हणजे खोट गाडीत नाही, खोट घरात! त्यातून आणखी मेख अशी की कधी संध्याकाळी बटणावर लगेच सुरू, मधे दोन दिवस छान, मग पुन्हा रडगाणं. हा काही बिघाड नव्हे, हा कोणाचा तरी खेळ आहे. म्हणून मी दुसरी वस्तू आणली, गाडी कुठे आहे ते फोनवर सांगणारी डबी. तीही सीटखाली, तीही त्याच बॅटरीवर. दिवसभर दुकानात फोन बघायचो. गाडी जिन्यापाशी आहे. जेवून बघायचो. गाडी जिन्यापाशी आहे. मालक म्हणाले, "काचेकडे बघ, बोट जाईल."

आणि अशातच गोड्यानं मला जिन्यात गाठलं. म्हणतो कसा, आवाज एकदम साखरेचा, "काय रे, सीटखाली काही बसवलंयस का?" बघा! याला सीटखालचं काय माहीत? मी म्हटलं, "नाही." तो म्हणाला, "बरं. असलं तर काढ, एवढंच सांगतो." मी काढीन? त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणंच बंद केलं. आधीही फारसं बोलत नव्हतोच, त्यामुळे त्याला ते कळलं की नाही कोण जाणे.

शेवटचा आठवडा आला. मी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली आणि भर दुपारी जिन्याखाली, झाडू-बादल्यांच्या मागे, पाय पोटाशी घेऊन दडून बसलो. कोळी मानेवरून गेला, हललो नाही. आणि आला. गोड्याच आला. हातात एक पेटी, तिला दोन चिमटे, एक लाल, एक काळा. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, सीट उचलली. माझी शिटी वाजायला हवी होती ना? वाजली. पण कशी? चीं... चीं... थंडीनं गारठलेल्या पिल्लासारखी, आणि मेली.

मी बादल्यांसकट बाहेर उडी मारली. काकू "चोर, चोर" करत धावल्या आणि त्यांनी मलाच झाडूनं बडवायला घेतलं. मार चुकवत मी ओरडलो, "काकू, चोर तो आहे! माझी गाडी मारायला आलाय!"

गोड्यानं सीट खाली ठेवली. मला वाटलं आता साखर पेरणार. पण नाही. म्हणाला, "आत्यानं... म्हणजे तुझ्या..." अडखळला बघा, आपल्या मावशीला, म्हणजे माझ्या आईला, आत्या म्हणाला! मग म्हणाला, "मावशीनं सांगितलं होतं, तो कोणाचं ऐकत नाही, तूच बघ जरा. बॅटरी उतरते तुझी. अधूनमधून दुपारी भरून ठेवतो मी. तुला खरंच वाटलं, मी...?" चिमटे गुंडाळले, पेटी उचलली. जिन्यात वळून एवढंच म्हणाला, "आता हात लावणार नाही. रविवारी तूच लाव."

मी जिंकलो की नाही सांगा! आता खोड काढणारा कोणी उरलाच नव्हता. तरी... मी कोणावर संशय घेत नाही, पण एवढ्या सहज कोणी माघार घेतं का? म्हणून पक्कं काम करायला तिसरी वस्तू बसवली. छोटा कॅमेरा. दिवसरात्र जागा राहणारा. त्याच बॅटरीवर.

रविवार. मामा कंबरेला पट्टा लावून आला. आई, बाबा, काकू झाडू घेऊन, आणि वरच्या पायरीवर गोड्या, हाताची घडी घालून. मामानं इंजिनवर तळहात ठेवला. "थंड आहे. लाव."

मी चोक ओढला. देवाचं नाव घेतलं. बटण दाबलं.

टक.

पुन्हा नको म्हणून मामानं हात धरला, पण बोट ऐकेल तर ना. टक. टक टक. आणि मग ते टकही बंद.

मामानं सीट उचलली. आत वायरींचं घरटं. शिटी ओढून काढली, डबी काढली, कॅमेरा काढला, आणि एकेक करून पायरीवर मांडलं. मग म्हणाला, "भाच्या, राखणदार तीन ठेवलेस, आणि तिघांना जेवायला ताट एकच. दिव्याला चिमूटभर पुरतं रे. एवढं इंजिन फिरवायला ताट भरलेलं लागतं."

बाबांनी कॅमेऱ्यातलं चित्र फोनवर लावलं. दोन दिवसांत त्यात एकच संशयित माणूस आला होता. मी. फडक्यानं मूठ घासतोय, घासता घासता लाल खटका बंद होतोय, मग मला तो बंद दिसतो, मी डावीकडे बघतो, उजवीकडे बघतो, वर बघतो, आणि हळूच चालू करतो. काकूंनी ते पुन्हा लावायला सांगितलं.

गोड्या पेटी घेऊन आला. चिमटे लावले, जरा वेळ थांबला. मामानं बटण दाबलं आणि... धडधडधड. जिन्यातला बल्ब थरथरला. मामानं चावी काढून गोड्याच्या हातात दिली.

आता ऐका हं, खरं पुढेच आहे. गोड्यानं ती चावी माझ्यापुढे धरली. म्हणाला, "मामा, याच्याकडेच राहू दे. माझ्यापेक्षा याचा जीव जास्त आहे हिच्यावर. राखणदार काढले की चालेल."

सगळे माझ्याकडे बघत होते. आयुष्यभर हवी असलेली गाडी, चावीला हात लागायचा अवकाश. आणि माझ्या डोक्यात काय यावं? एवढी चांगली गाडी कोणी फुकट परत देतं का? नक्की हिच्यात काहीतरी असणार, जे याला कळलंय आणि मला नाही...

मी म्हटलं, "नको. तूच ठेव."

ठेवली. तेव्हापासून रोज सकाळी एका बटणात सुरू होते. थंड इंजिन. ऐकतो ना मी, खिडकीतूनच. मग तो हाक मारतो, दुकानापर्यंत सोडतो मला, रोज, न चुकता. मी मागे बसतो. निघताना तो म्हणतो, "नीट धर रे."

मी कोणावर संशय घेत नाही. पण 'नीट धर' असं का म्हणत असेल?

...धरतो आपला. दोन्ही हातांनी.