मास्टर कमजोर आहे, बदलायचा का?

अकरा नंबरात कशाला गेलास पण तू, तम्मी? ते भांड्यांचं दुकान. मी तुझ्या संगणक दुरुस्तीच्या टेबलावर चिठ्ठी ठेवून आले होते ना — दुकान नंबर सतरा, सुगुणा मग्गम वर्क्स, हनमकोंडा चौरस्त्याच्या मागे — चांगलं ठळक लिहिलं होतं. हल्ली कुणाला नीट वाचताच येत नाही. असू दे, बस, आणि त्या लाकडी चौकटीला, मग्गमला, पाय लावू नकोस, तिच्यावर ताणलेली ती नवरीची बाही आहे, चार दिवसांचं जरीकाम आहे ते. हा बघ संगणक. काल संध्याकाळपर्यंत सोन्यासारखा चालत होता. वर कोपऱ्यात रोज एक बाण यायचा — ब्राउझर अपडेट करा, ब्राउझर अपडेट करा — मी रोज नको म्हणायची. काल म्हटलं, एवढा मागे लागलाय बिचारा, तर होऊ दे त्याच्या मनासारखं. दाबलं. सगळं बंद झालं, पुन्हा उघडलं, आणि वरचं ते छोटं कुलूप गायब. तेच रे, सगळे पासवर्ड पोटात ठेवणारं, ते एक्स्टेन्शन. ते गेलं तसा मेल उघडेना, कुरिअरचं पान उघडेना, काही उघडेना. आणि मला मेल आज उघडायलाच हवा — डल्लासची नवरी आहे, परवा इथे तिचं लग्न, तिची मापं त्या मेलमध्ये आहेत. आज कापड कापलं नाही तर ती मांडवात काय नेसत्या साडीवर टॉवेल पांघरून बसणार? झालं का?

तिला फोन करून विचारा म्हणतोस — ती विमानात आहे, उद्या सकाळी उतरणार, आणि तिच्या आईला विचारलं तर आई म्हणेल मापं हरवलीत वाटतं सुगुणाने, आणि ते दुपारपर्यंत गावभर होऊन हंटर रोडला पोचेल. नको. तू आपलं बघ. ते काय दाबलंस? असं तुकडे जोडायच्या खेळातलं चित्र — अच्छा, त्याच्याआड लपलं होतं होय. गेलं नव्हतंच. अपडेटनं बंद करून ठेवलं होतं फक्त — घरात नवी सून आली की जुनी भांडी माळ्यावर, तसलंच. मी तर काढून टाकून नवीन घालणार होते सकाळी. काय? काढलं असतं तर — बरं बरं, नाही काढलं ना, मग आता कशाला घाबरवतोस. चालू झालं का? झालं का? झालं. देव तुझं भलं करो. घे, सकिनालु खा, कालच तळलेत, दात सांभाळ.

हं? काय मागतंय ते? मास्टर पासवर्ड.

तो माझ्याकडे नाही, तम्मी. असं बघू नकोस माझ्याकडे. मास्टर पासवर्ड माझ्याकडे कसा असेल? तो मास्टरकडे आहे. मास्टर म्हणजे — आमचा मास्टर. कापणारा. यादगिरी मास्टर. हसतोस काय? तुमच्यात काय म्हणतात मला माहीत नाही, आमच्या धंद्यात जो टेप गळ्यात घालून कापड कापतो तो मास्टर. दोन वर्षांपूर्वी माझ्या हारिकाने हे कुलूप बसवून दिलं, हैदराबादहून, मास्टरच्याच फोनवर बोलत बोलत. का, तर त्याआधी आम्ही पासवर्ड कापायच्या टेबलावर खडूने लिहायचो, आणि एकदा बँकेचा पासवर्ड अस्तरावर लिहिला गेला आणि तसाच शिवून एका बाईच्या ब्लाऊजमधून जनगावला गेला. तर हारिका म्हणाली, अम्मा, आता मास्टर पासवर्ड टाक, आणि कुणाला दाखवू नकोस. मी म्हटलं ठीक. मास्टरला हाक मारली, कीबोर्ड त्याच्यापुढे सरकवला आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. कुणाला दाखवू नकोस म्हणजे मीही त्यात आलेच की. एवढा प्रामाणिकपणा कोण करतं आजकाल? त्यानंतर कुलपानं तो कधी मागितलाच नाही.

मास्टर कुठे आहेत म्हणजे — गेला. मंगळवारी गेला. आता त्या समोरच्या नव्या बुटीकमध्ये जाईल, नाहीतर घरी बसून टीव्ही बघत असेल, मला काय करायचंय. बावीस वर्षं होता. गेला तर गेला, कुणावाचून कुणाचं अडत नाही. नवीन पासवर्ड मागव की त्यांच्याकडून. ते देत नाहीत? कंपनीलाच माहीत नसतो? मग ते सांभाळतात काय, माझं डोकं? बरं, मग मेलचाच पासवर्ड बदल, ते मोबाईलवर आकडे पाठवतात ना — पाठवू नकोस, पाठवू नकोस, तो नंबर मास्टरचा आहे. माझा फोन तेव्हा दुरुस्तीला होता. हो, सगळीकडे त्याचाच दिलाय. बँकेत पण. गॅसला पण. आता पुन्हा हसलास तर मी चहा सांगणार नाही.

त्याला फोन? मी नाही करणार. का म्हणजे — चूक त्याची आहे. सांगते ना. मंगळवारी आमच्या गल्लीतल्या मुलकी गुरुजींच्या घरची विहीणबाई आली ब्लाऊज घालून बघायला. दणकट बाई. बाही कोपरापर्यंत गेली आणि तिथेच राहिली — पुढे जाईना, मागे येईना. ती ओरडते, तिची जाऊ ओढते, शेवटी कात्रीने बाही कापून बाईची सुटका केली, चार गिऱ्हाइकांच्या देखत. मास्टर म्हणतो, अक्का, वहीत दंडाचा घेर अकरा लिहिलाय, मी अकराचा कापला. मी म्हटलं, अकराचा दंड तुझ्या नातीचा असेल, बाईकडे बघून कळत नाही? डोळे गेलेत तुझे आता, घरी बस. एवढंच म्हटलं. रागात माणूस म्हणतोच. त्यानं टेप गळ्यातून काढली, त्या खिळ्याला अडकवली, चपला घातल्या आणि गेला — अरे, ती टेप काढू नकोस. असू दे तिथेच.

कापायचं कोण? मी कापेन. येतं मला. एकदा ब्लाऊज कापला होता, हारिकाच्या बारशाला. नंतर त्याचा उशीचा अभ्रा झाला, ते सोड. तू पासवर्डचं बघ. झालं का?

काय, खूण? विसरलात तर खूण बघा — असं असतं होय? आणि मास्टरने खूण लिहून ठेवलीये? वाच बघू. “अक्का दिवसभर म्हणतात ते. तीनदा.” हा काय प्रकार? मी दिवसभर काय म्हणते? देवाचं नाव घेते मी. टाक, यादाद्रीचा लक्ष्मीनरसिंह, तीनदा. नाही? मग — “शाब्बास मास्टर” टाक. म्हणते मी कधीकधी. मनात म्हणते. नाही? हे काय लिहून आलं, पाच मिनिटं थांबा? थांबते, माझं काय जातंय, नवरीचं जातंय. “जेवून घे” असेल. “पंखा बंद कर” असेल. मला नाही बाई कळत, मी काही उगीच बोलणारी नव्हे, कुणालाही विचार या गल्लीत, दुकान सांभाळायचं तर चार शब्द बोलावे लागतात, बाकी मी आणि माझी सुई. झाली का पाच मिनिटं? तू काय टाइप करतोयस? मला न विचारता? तम्मी, चुकलं तर अर्धा तास थांबा म्हणेल ते. झालं का? अरे सांग की, झालं का? झालं —

उघडलं.

काय टाकलंस?

…“झालं का”, तीनदा.

मी म्हणते का असं? आल्यापासून किती वेळा म्हटलं? सहा? तू मोजत बसला होतास? बरं. म्हणत असेन. बावीस वर्षं मुहूर्त गाठायचे म्हणजे — म्हणत असेन. पण त्यानं रागानं नसेल घातलं ते, हो ना? खूण तर “अक्का म्हणतात” अशी मानानं लिहिलीये. जाऊ दे. मेल उघड. हां, हीच ती नवरी. थांब, कागदावर उतरवून घेते, पुन्हा कुलूप रुसलं तर. उंची साडेचौदा. छाती छत्तीस. पाठ सात. हे घे, तू वाच मोठ्यानं, मी पडद्यावर ताडून बघते.

पाठ किती? एक? पाठ एक इंच कशी असेल माणसाची, सात आहे तो. हा सात. माझा इंग्रजी सात असाच असतो, वर जरा — वर थोडी दांडी असते, बघ नीट. दिसत नाही?

अकरा नंबरात… तुला तिथे अकरा दिसलं. सतराच्या जागी.

जरा ती वही दे. ती नव्हे, लाल, मंगळवारची. विहीणबाई… दंड.

सतरा लिहिलंय रे मी.

सतराच लिहिलंय. त्याला अकरा दिसलं. कुणालाही अकराच दिसेल. चार बायकांसमोर मी त्याच्या डोळ्यांना नावं ठेवली आणि हात माझाच वाकडा.

आता हे काय मध्येच आलं पडद्यावर? वाच. “तुमचा मास्टर पासवर्ड कमजोर आहे. बदलायचा का?”

नाही. मास्टर बदलायचा नाही. दाब “नाही”. पुन्हा विचारलं तर पुन्हा “नाही” दाब, आणि कधीच विचारू नका असं काही असेल तर तेही दाब. कमजोर म्हणे. झालं तुझं काम, ऊठ आता, सकिनालु पुडीत बांधून घे, आणि जाताना दार ओढून घे — पूर्ण नको, त्याला आत यायला लागेल. आणि तो माझा फोन दे इकडे. जा म्हटलं ना, माझ्या तोंडाकडे काय बघत उभा राहिलास.

हॅलो… मास्टर? मी. सुगुणा.

…

जेवण — जेवण झालं का?