लाल शाईतली अकरा मिनिटं

सन्माननीय अध्यक्ष म्हणजेच आपले मॅनेजरसाहेब, व्यासपीठावरील पाहुणे, सत्कारमूर्ती, त्यांच्या पत्नी आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे भिंतीला टेकून उभे असलेले माझे सहकारी,

मला पाच मिनिटं दिली आहेत. कुणाच्या घड्याळाची, ते सांगितलेलं नाही.

आपले टाइमकीपर आज निवृत्त होत आहेत. तोंडावर साहेब आणि पाठीमागे मिनिटराव. एक मिनिट उशीर झाला की हजेरीपटावर लाल शेरा. त्यांनी सख्ख्या मेहुण्यालाही सोडलं नाही. तो मेहुणा मी.

भाऊजींनी चावीच्या मनगटी घड्याळासाठी नऊ वर्षं पैसे साठवले. दर सुटीला दुकानात जायचे. घड्याळ आधी पालथं करायचे, झाकण उघडायला लावायचे, कानाशी धरायचे. मग विचारायचे, हे बिघडलं तर दुरुस्त कोण करणार? दुकानदार पॉलिश दाखवायचा. हे म्हणायचे, पॉलिश आमच्या मॅनेजमेंटकडे भरपूर आहे. ताई एकदाच बोलली, "मला नऊ मिनिटांत पसंत केलं होतंत."

शेवटी घेतलं. आणि दुसऱ्या दिवसापासून गेटवरचं सरकारी थाटाचं घड्याळ रोज सकाळी त्याच्याशी जुळवून लावू लागले. आठवड्याभरात गेट अकरा मिनिटं पुढे गेलं. अख्खा कारखाना उशिरा येऊ लागला. सुटी मात्र भोंग्यावर, आणि भोंगा मॅनेजरसाहेबांच्या केबिनमधून. येताना एक घड्याळ, जाताना दुसरं. अशी सोय कुठल्या मालकाला नको असेल? आम्ही भोंग्याचा दाखला दिला. भाऊजी म्हणाले, "भोंगा मी पारखून घेतलेला नाही."

माझी बायको दवाखान्यात होती त्या दिवशी मलाही लाल शेरा बसला. मी त्यांच्याशी बोलणं सोडलं.

पुढच्या सुटीला ते घड्याळ घेऊन कारागिराकडे गेले. तो हसला. धूळ लागू नये म्हणून भाऊजी ते गेटवरच्या लाउडस्पीकरवर काढून ठेवत. आत लोहचुंबक. केसाएवढी स्प्रिंग त्यानं भारली गेली आणि घड्याळ धावत सुटलं. पारख नऊ वर्षांची, ठेवायची जागा चुकली.

घड्याळ दोन मिनिटांत बरं झालं. भाऊजी सोमवारी तासभर आधी आले, आठवड्याचा हजेरीपट उघडला आणि सत्त्याण्णव शेरे एकेक करून खोडले. खाली लिहिलं : ‘घड्याळ माझं, चूक माझी.’ सही. संध्याकाळी माझ्या दारात उभे राहिले. म्हणाले, "तू वेळेवर आला होतास."

मॅनेजमेंटनं याची दखल घेतली. हजेरीपटात खाडाखोड केल्याचा मेमो दिला. बढती थांबली ती आजपर्यंत. मेमोवर सही कुणाची, हे मी सांगणार नाही. अध्यक्षांचा मान राखायला हवा.

समोरच्या डबीत कंपनीचं नाव छापलेलं, सेलवर चालणारं घड्याळ आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. भाऊजी ते घेतील, आभार मानतील. फक्त पालथं करून बघू नका, भाऊजी. मागे झाकण नाही.

मॅनेजरसाहेब, भाऊजींचं सेवापुस्तक मी ऑफिसातून मागून आणलं आहे. डबीच्या शेजारीच ठेवलं आहे, मेमोचं पान उघडून. लाल पेनही आहे. एक रेघ मारायला अकरा मिनिटं लागत नाहीत. आम्ही थांबतो.

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात चूकभूल झाली असेल तर माफी मागतो, हवी तर लेखी. ती पद्धत इथे भाऊजींनी सुरू केली. त्यांच्यानंतर अजून कुणी पाळलेली नाही.