चाकामागची पट्टी

नवरा : ...म्हणून म्हणतो, लांब नळीच लावायची. मिस्त्री, तुम्ही उगाच घोळ घालताय.

मिस्त्री : घोळ नाही साहेब. तीन प्रकार आहेत, तिन्ही ताईंना दाखवतो. गाडी त्यांच्या नावावर आहे, सही त्यांची लागणार.

नवरा : करेल की ती सही. हिला हॉस्पिटलातल्या नळ्या कळतात, गाडीतल्या नाही. काय गं?

सिस्टर : कळतील. सांगा काका.

मिस्त्री : हे बॉनेट उघडलं. हा काळा डबा दिसतोय? इंजिनाला हवा इथून जाते, आत फिल्टर असतो. पहिला प्रकार सरळ आहे. डबा तसाच ठेवायचा, आतला कागदी फिल्टर काढून धुता येणारा कापडी टाकायचा.

नवरा : त्याने काडीचा फरक पडत नाही. पुढे चला.

मिस्त्री : दुसरा. डबाच काढायचा. आखूड नळी आणि तिच्या टोकाला हा शंकूसारखा उघडा फिल्टर. आवाज झकास येतो. पण तो बसतो इंजिनाच्या शेजारी, म्हणजे तिथलीच तापलेली हवा ओढणार.

नवरा : म्हणजे उन्हात ताकद उलट कमी. तोही बाद.

मिस्त्री : तिसरी ही लांब नळी. इंजिनाच्या कडेने खाली उतरते, बंपरच्या मागे, चाकाच्या पुढ्यात. फिल्टर तिथे. हवा थंड मिळते.

नवरा : थंड हवा दाट असते. दाट हवा, जास्त ताकद. चढावर एसी लावला की आपली गाडी कशी म्हातारीसारखी धापा टाकते, तू बघतेस ना? आमच्या गाडीवाल्यांच्या क्लबमधल्या तिघांनी हीच लावलीय. इंजिन नवीन आहे, एवढं तर त्याचं करायलाच हवं.

सिस्टर : किती फरक पडतो काका?

मिस्त्री : एवढ्याशा इंजिनाला? घड्याळ लावलंत तर कळेल, सीटवर बसून कळणार नाही. आवाज तेवढा वाढेल. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तशातली गत.

नवरा : तुम्ही माल विकायला बसलात की पळवून लावायला?

सिस्टर : ही खाली म्हणजे किती खाली येते? जमिनीपासून.

मिस्त्री : माझी सव्वा वीत.

सिस्टर : आणि पाणी आलं तर?

नवरा : झालं सुरू. अगं, पाण्यात घालायचीच कशाला गाडी? चालवणार मी. ते गेल्या वर्षीचं डोक्यातून काढून टाक ना आता.

सिस्टर : मी काकांना विचारलं.

मिस्त्री : फिल्टर बुडाला तर इंजिन हवेऐवजी पाणी ओढतं. हवा दाबली जाते ताई, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाणी जागा देत नाही, मग रॉड वाकतो. क्षणाचा खेळ असतो.

सिस्टर : आपल्या गाडीचं झालं तेच.

मिस्त्री : तेच.

सिस्टर : पण आपल्याला तर हा डबा होता. याचं तोंड कुठे आहे?

मिस्त्री : हे काय. हेडलाइटच्या मागे, वर.

सिस्टर : म्हणजे माझ्या कमरेच्या जवळपास. त्या दिवशी पुलाखाली पाणी अर्ध्या चाकाला होतं. पुढे दुधाची गाडी होती, तिच्या चाकाकडे बघूनच मी आत घातली. तिच्यामागे आपल्यासारखीच एक छोटी गाडी गेली, मग मी. त्या दोन्ही निघून गेल्या. मग पाणी माझ्याच गाडीत इतकं वर कसं चढलं?

नवरा : लाट उसळते गं वेगाने गेलं की. तेव्हाच समजावून सांगितलं होतं तुला.

सिस्टर : मी पहिल्या गिअरमध्ये होते.

नवरा : तुला वाटतं तसं. घाबरलेल्या माणसाला काय डोंबल आठवतं?

सिस्टर : घाबरले नंतर. आत जाताना नव्हते.

मिस्त्री : ताई, जरा इकडे खाली बघता का? पुढचं चाक काढून ठेवलंय. आतलं प्लास्टिकचं आवरणही काढलंय. नळी कुठून जाते ते दाखवतो.

नवरा : चाक कशाला काढलंत? मी सांगितलं नव्हतं.

मिस्त्री : माप घ्यायला.

सिस्टर : ही पट्टी कसली काका? बाकी सगळं काळं आहे, ही एकटी पांढरी. दोन स्क्रू आणि रबराची गोल पकड. यात काय बसतं?

नवरा : कंपनीची असेल. गाडीत अशा शंभर पट्ट्या असतात.

सिस्टर : भोकं हाताने पाडलेली दिसतात. कडा सरळ नाहीत. काका?

(मिस्त्री हातातला पाना फडक्याने पुसत राहतो.)

सिस्टर : काका, मी तुम्हाला विचारतेय.

मिस्त्री : लांब नळी बसते ताई.

सिस्टर : ती तर अजून बसवायची आहे.

मिस्त्री : एकदा बसली होती.

नवरा : मिस्त्री, तुम्ही तुमचं काम बघा.

मिस्त्री : कामच बघतोय साहेब.

सिस्टर : कधी बसली होती?

मिस्त्री : गाडी पाण्यात गेली त्याच्या तीन दिवस आधी. मीच बसवली. ही भोकंही माझ्याच हातची.

सिस्टर : तीन दिवस आधी.

नवरा : हे बघ, मी सांगणारच होतो. तुला असल्या गोष्टी आवडत नाहीत, म्हटलं आधी एखादी चक्कर मारू, तुलाच जाणवेल, मग सांगू. तेवढ्यात तुझं ते झालं.

सिस्टर : माझं ते?

नवरा : शब्दात नको पकडूस.

सिस्टर : काका, डबा असता तर गाडी गेली असती का?

मिस्त्री : अर्ध्या चाकाच्या पाण्यातून? पहिल्या गिअरमध्ये? गेली असती ताई. त्या दोघींच्या मागोमाग गेली असती.

सिस्टर : गाडी इथे ओढून आणली तेव्हा मी दुसऱ्या दिवशी आले होते. तेव्हा बॉनेटखाली डबाच होता. मी बघितला होता.

मिस्त्री : साहेबांनी सकाळी फोन केला होता. ताई येतील, त्याआधी नळी काढून डबा परत लावा म्हणाले. मी लावला. ही पट्टी आत होती, दिसणारी नव्हती, म्हणून राहिली.

सिस्टर : आणि मी इथे उभी राहून तुम्हाला म्हटलं, काका, माझ्या हातून इंजिन गेलं.

मिस्त्री : हो.

सिस्टर : तुम्ही काय म्हणालात?

मिस्त्री : होतं असं कधीकधी, म्हणालो.

सिस्टर : वर्षभर मूग गिळून बसलात.

मिस्त्री : बसलो. गिऱ्हाइकाच्या घरातलं आपण बोलू नये असं मनाला सांगत राहिलो. मग परवा साहेब परत तीच नळी मागायला आले. म्हणाले, आता गाडी मीच चालवतो, ती घाबरते, हात लावत नाही. तेव्हा मला कळलं ताई. तुम्ही चालवायचंच सोडलंत हे मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, मालकिणीची सही लागेल, त्यांना घेऊन या.

नवरा : म्हणजे हे सगळं ठरवून? चाक काढून ठेवलंत ते...

मिस्त्री : तोंडाने सांगायचा धीर होत नव्हता. म्हटलं, त्यांनी बघून विचारलं तर खोटं बोलायचं नाही.

नवरा : वा. मिस्त्री, गाडी दुसरीकडे नेईन मी यापुढे.

मिस्त्री : न्या साहेब.

सिस्टर : काका, चाक बसवा. ती पट्टी काढून टाका आधी. नळी नको, काही नको. डबा राहू दे.

मिस्त्री : पंधरा मिनिटं द्या.

नवरा : चल, आपण बाहेर थांबू. चहा घेऊ.

सिस्टर : इथेच थांबू.

नवरा : लोकांसमोर तमाशा कशाला?

सिस्टर : लोकांसमोर? तू तुझ्या दादांच्या घरी बारा माणसांसमोर काय सांगितलंस? आमच्या बाईंनी गाडीची होडी केली. वल्हं मारायची नक्कलसुद्धा केलीस. सगळे पोट धरून हसले. मीसुद्धा हसले.

नवरा : थट्टा होती ती. वातावरण हलकं करायला.

सिस्टर : तुला माहीत होतं.

नवरा : अगं, पण तूच घरी आल्याआल्या म्हणालीस ना, माझ्यामुळे झालं, माझ्यामुळे झालं. रडत होतीस. मी काय करणार होतो त्या क्षणी?

सिस्टर : नाही, तुझ्यामुळे नाही, एवढं म्हणायचं.

नवरा : त्या क्षणी नाही सुचलं. दुसऱ्या दिवशी म्हणणार होतो. दुसऱ्या दिवशी वाटलं, काल का नाही सांगितलं असं विचारशील. मग आठवडा गेला. मग ते... जितकं लांबलं तितकं जड होत गेलं. तुला काय वाटतं, मला सुखाची झोप लागत होती?

सिस्टर : लागत होती. मी जागी असायचे, मला ठाऊक आहे.

नवरा : इंजिनच गेलं ना शेवटी? माणूस तर नाही गेलं. नवीन बसलं. मी एका शब्दाने तुला बोललो नाही कधी.

सिस्टर : बोलला नाहीस. माफ केलंस. जे मी केलंच नव्हतं त्याची माफी दिलीस, आणि मी ती घेतली. वर्षभर तुझ्याशी वाद घालताना मी अर्ध्यात गप्प बसायचे. वाटायचं, आपण एवढी मोठी चूक केली, हा बिचारा काही म्हणत नाही.

नवरा : हे आता तू भलतीकडे नेतेस.

सिस्टर : मी त्या दिवशी कुठे चालले होते, आठवतं?

नवरा : कोणीतरी पेशंट.

सिस्टर : पुलापलीकडे राहणारे एक आजोबा, अंथरुणाला खिळलेले. लघवीची नळी तुंबली होती. सुनेचे फोनवर फोन येत होते. मी चार तासांनी पोचले, पाण्यातून चालत, मिळेल त्या वाहनाने. ते ओरडून ओरडून दमले होते. मला बघून म्हणाले, आलीस का बाळ. रागावलेसुद्धा नाहीत. त्याच आठवड्यात मी मेट्रनना लिहून दिलं, घरभेटींमधून माझं नाव काढा. म्हटलं, ज्या बाईला गाडी कुठे घालावी एवढं कळत नाही तिच्या भरवशावर कोणी का पडून राहावं?

नवरा : वॉर्डची ड्यूटी बरी म्हणाली होतीस तू.

सिस्टर : बरी म्हणाले होते. अकरा वर्षं घरभेटी केल्या मी. कोणत्या घरात पायरी मोडकी आहे, कोणाचा कुत्रा बांधावा लागतो, सगळं पाठ होतं. वॉर्डात मी रजिस्टर भरते.

नवरा : मला एवढं होईल असं नव्हतं वाटलं.

सिस्टर : तू विचारलं नाहीस.

नवरा : चुकलं माझं. बास? सगळं खापर माझ्या डोक्यावर, मान्य. घरी गेल्यावर काय बोलायचं ते बोल.

सिस्टर : घरी नाही. आधी दादांकडे जायचं.

नवरा : दादांकडे कशाला?

सिस्टर : आज सुट्टी आहे, सगळे घरी असतील. ज्यांना ती होडीची गोष्ट सांगितलीस त्यांना ही सांगायची. नळीपासून सुरुवात कर. फोनवर काय सांगितलंस तेही.

नवरा : वहिनींसमोर? पोरांसमोर? माझी काय लायकी राहील तिथे?

सिस्टर : माझी राहिली होती का?

नवरा : आणि मी नाही म्हटलं तर?

सिस्टर : तर मी एकटी जाऊन सांगेन. पण मग तू नंतर घरी यावंस की नाही, ते मला आत्ता ठाऊक नाही. खरंच नाही.

मिस्त्री : ताई, चाक बसलं. पट्टी ही घ्या. भोकं बुजवलीत.

सिस्टर : तुमच्याकडेच ठेवा काका. किल्ली?

नवरा : द्या इकडे. मी घेतो.

सिस्टर : काका, किल्ली मला द्या.

नवरा : अगं, वर्ष झालं. समोर हमरस्ता आहे. हट्ट करू नकोस.

सिस्टर : असू दे. तुला यायचं असेल तर बाजूला बस.

नवरा : ...बसतो.

सिस्टर : काका, सीट पुढे कशी घ्यायची? विसरले.

मिस्त्री : खाली हात घाला, दांडी ओढा. हां. आणि आरसे बघून घ्या, साहेबांच्या उंचीला आहेत.

नवरा : क्लच हळू सोड.

मिस्त्री : साहेब, त्यांना सोडू द्या.

सिस्टर : बंद पडली.

मिस्त्री : पडू दे. पुन्हा लावा. मी रस्त्यावर उभा राहतो ताई, घाई नाही. मागून कोणी येत नाहीये.

सिस्टर : हो. दिसतंय मला.