सुदामभाऊचा घाम

कुरुंद्याच्या स्टँडवर जीप भरायची होती. मागं दोघी बाया बोलत होत्या. पुढं ड्रायव्हर अमृतराव बसला होता, हात स्टेअरिंगवर आन् कान मागं.

"धुरपतामावशी, आपुन दिवसभर हळद पॉलिश करायची आन् त्या सुदामनं पोत्याआड झोपायचं."

"आन् मुकादम यायच्या टायमाला डब्यातली हळद तोंडाला फासायची. मुकादम म्हनते, सगळ्यात पिवळा सुदामच. उद्यापासून त्यालाच आपल्या टोळीचा म्होरक्या करून राहिला."

"न्हाई करत. म्या आज त्याच्या डब्यात कोरडा चुना मिसळला."

"हळदीत चुना? आगं शिवकन्या, घाम लागला की कुंकवावानी लाल होईल की तो."

"व्हय, पन फासून तास झाला, त्याला घामच येईना."

"काम केल्याबिगर कसा येईल, लेकरा?"

तेवढ्यात मुकादम येऊन पुढं बसले. मागून पिवळाधमक सुदाम चढला.

"लई दमलो बाई आज."

अमृतरावानं चावी नुसती चाचपली.

"बॅटरी बसली जी. कोनी धक्का मारता का?"

"सुदाम, उतर. तुझ्याएवढा कामाचा गडी दुसरा कोन हाय?" मुकादम म्हणाले.

सुदाम ढकलू लागला. अमृतरावाचा पाय हळूच ब्रेकवर गेला.

"बराबर, सुदामभाऊ. आजून थोडं. त्या पानटपरीपर्यंत."

"आता... चढू का?"

मुकादमांनी मागं वळून पाह्यलं.

"सुदाम, तुझं तोंड काहून लाल होऊन राहिलं?"

"पहिलाच घाम असंल जी," म्हणत अमृतरावानं चावी फिरवली.